रुईतला हिरवा डोळा

कापूस आणि रुई यांतला फरक मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळला, आणि तोही उंदरांनी शिकवला. मी दारव्ह्याच्या शाळेत मास्तर. सासरे कापूस पिकवणारे. कापसातून सरकी काढली की उरते ती रुई, हे मी स्वतः दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. लिहिणं वेगळं. या विद्वत्तेपायी मी डोळेकाकांचे दोन डोळे घालवले.

डोळे हे काकांचं आडनाव नव्हतं. बाजाराच्या टोकाला एका टिनाच्या खोलीत ते रेडिओ दुरुस्त करत. जुन्या वॉल्वच्या रेडिओला दर्शनी भागात बोटाएवढी काचेची नळी असायची. रेडिओ तापला की तिच्यात हिरवा उजेड यायचा, आणि स्टेशन नेमकं लागलं की त्या उजेडाची दोन पानं जवळ येऊन मिटायची. लोक तिला मॅजिक आय म्हणत, काका नुसतं ‘डोळा’ म्हणत. अशा नळ्या बनणं कधीच थांबलं होतं. काकांच्या रेडिओत एक होती आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तीन. जगात त्यांच्या लेखी एवढ्याच.

त्यांचं सगळं काम या डोळ्यावर चाले. स्वतःच्या रेडिओतून दोन वायरी काढून त्या ते गिऱ्हाइकाच्या रेडिओला लावत आणि डोळा कसा लवतो ते पाहत. माणूस बोलत असला की तो तुटक लवे, गाणं असलं की झुले. "बातम्या लागल्या पाहा," असं ते नळीकडे बघत सांगत, आणि खरंच बातम्या असत. मला ती त्यांची लकब वाटे. खरी गोष्ट अशी होती की काकांना ऐकू येईनासं झालं होतं. रेडिओवाला बहिरा आहे म्हटल्यावर त्याच्याकडे रेडिओ कोण आणणार? म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. डोळे होते तोवर दुकान होतं.

नळीला हात लावायचे त्यांचे नियम कडक. पहिल्याच भेटीत मी भजी खाल्लेल्या बोटांनी एक उचलायला गेलो, तर त्यांनी माझा हात वरच्या वर धरला. "मास्तर, हात धुऊन या." धुऊन आलो. "आता बुडाशी धरा. लेकराले कोणी डोक्याले धरून उचलते काय?" खोबणीतून काढताना हलवायची नाही, सरळ वर ओढायची. पिना वाकल्या तर बोटानं दाबायच्या नाहीत. आणि पारख एकच. "आतमंदी चांदी दिसते ना, आरशासारखी? ते पांढरी पडली का समजा हवा घुसली. मग काच कितीबी चांगली दिसो, नळी मेली."

डब्यात ते रुई भरत, सरकी काढायच्या जिनिंगमधून मागून आणलेली. ती भरण्याआधी बोटांनी पिंजून पिंजून बघत. मला वाटे, म्हाताऱ्याला उद्योग नाही.

एका हिवाळ्यात त्यांच्या खोलीचे टिन बदलायचे निघाले. चार दिवस डबा सांभाळा म्हणून ते आमच्या घरी घेऊन आले. ते वर्ष कापसाचं वाईट होतं. भाव नव्हता, खरेदी बंद पडली होती, आणि ज्याच्या त्याच्या घरात कापूस छताला लागला होता. सासऱ्यांचा आमच्या समोरच्या खोलीत होता. पाहुणा आला तर त्याला कापसावरच बसवत असू, आणि तो खाजवत घरी जाई. मी डबा उघडून पाहिला. रुई जुनी, दबलेली, पिवळी. म्हटलं, काकांना दाखवू सांभाळणं म्हणजे काय असतं. बुटाचं खोकं घेतलं, ढिगातला पांढराशुभ्र, फुगलेला कापूस त्यात भरला, तिन्ही नळ्या नीट बुडाशी धरून ठेवल्या आणि खोकं फळीवर चढवलं. हातसुद्धा धुतले होते.

तिसऱ्या दिवशी खोकं जमिनीवर होतं. सरकीच्या वासानं उंदरांनी पुठ्ठा कुरतडला होता आणि खोकं ओढत ओढत खाली पाडलं होतं.

काका आले, उकिडवे बसले. एका नळीचा चुरा झाला होता. दुसरी अखंड दिसत होती, पण तिच्या डोक्यावरचं काचेचं टोक मोडलं होतं आणि आतली चांदी दुधासारखी पांढरी झाली होती. तिसरी शाबूत होती. मी त्यांच्या पाठीमागे उभा राहून माफी मागत होतो. बरीच लांबलचक मागितली. काका वळले नाहीत, काच वेचत राहिले. मला वाटलं, संबंध संपला.

बायकोनं माझी बाही ओढली. "समोर जाऊन बोला. त्याइले ऐकू येत नाही."

"काय?"

"दोन वर्सं झाली. तुम्हीच बोलत राहता, तुम्हाले कसं कळन?"

मी समोर जाऊन बसलो. काकांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग कापसाचं एक बोंडूक उचललं, त्यातली सरकी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "उंदराची काही चूक नाही, मास्तर. त्याचं जेवण तुम्ही गादीत शिवलं."

पुढे मी आर्णीच्या एका भंगारवाल्याकडून दोन नळ्या शोधून आणल्या, काळीपिवळी जीपमधून, शर्टाच्या खिशात, छातीशी धरून. दोन्हींची चांदी पांढरी होती. "मेल्यावर फिरून आल्या बिचाऱ्या," काका म्हणाले.

उरलेली ती एक त्यांनी रेडिओत बसवली, कारण आधीची मंद झाली होती. डोळा वापरला की विझत जातो, म्हणून त्याला वेगळं बटण लावलं. गिऱ्हाइकाचं काम असेल तेवढाच तो उघडायचा, बाकी वेळ झोपलेला. एका नळीवर त्यांनी आणखी अडीच वर्षं दुकान चालवलं. त्यांच्या बहिरेपणाचं गुपित मी फोडलं नाही. माझ्यासारख्यानं न बोलणं ही काय शिक्षा असते, ते मला विचारा.

मग मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. जायच्या दिवशी काका रेडिओ घेऊन आमच्याकडे आले. मी हात पुढे केले. ते मला वळसा घालून आत गेले आणि रेडिओ बायकोच्या हाती दिला. "बाई, हा तुमच्यापाशी. मास्तरले पाहू द्या, धरू देऊ नका." बायकोनं तो आतल्या कोनाड्यात ठेवला. घरात तेव्हा कापूस नव्हता, तरी तिनं आधी कोनाडा झाडून घेतला.

पुढच्या वर्षी ते गेल्याचा निरोप आला. त्या संध्याकाळी मी हात धुऊन रेडिओ लावला. तापायला वेळ लागला, मग खरखर सुरू झाली. मी आवाज वाढवायला लागलो, तर बायकोनं माझा हात बाजूला सारला, डोळ्याचं बटण दाबलं आणि आवाजाचं बटण उलटं, पार शेवटपर्यंत फिरवलं. खरखर थांबली. मग स्टेशनचं बटण ती केसाकेसानं फिरवत राहिली. हिरवी पानं लांब होती, ती सरकली, थरथरली, आणि मधोमध येऊन मिटली. मग तुटक तुटक लवायला लागली.

"अगं, पण आवाज तर..." मी म्हणालो.

"आलं स्टेशन," ती म्हणाली. "बातम्या आहेत. मधात बोलू नका."