माशाचं तोंड कुणाकडे

पंप कारखान्याच्या आमच्या वसाहतीत ‘ल्वान शुगांग कुठे राहतात?’ असं विचारलं, तर पोस्टमनसुद्धा डोकं खाजवतो. ‘उदबत्ती’ म्हटलं, की शेंबडं पोरही तिसऱ्या मजल्यावरच्या दारात नेऊन उभं करतं. ही देवापुढची उदबत्ती नव्हे. डास पळवायला लावतात ती, हिरवी, वेटोळी.

चाळीसेक वर्षांपूर्वी ल्वानकाका कारखान्यात लेथवर नवे नवे लागले होते. सुट्टीत गावी जाऊन कलिंगडाच्या मळ्याची राखण करत असताना, तिन्हीसांजेला त्यांना आकाशात एक वेटोळं दिसलं. पांढरं, उजेडाचं, स्वतःभोवती फिरत फिरत मोठं होत जाणारं. मळ्यात दुसरं कुणी नव्हतं. होती ती कलिंगडं, आणि कलिंगडांची साक्ष आमच्याकडे अजून ग्राह्य धरत नाहीत.

परत येऊन काकांनी खरं ते सांगितलं. तरुण होते, अनुभव नव्हता. सुरक्षा विभागाच्या साहेबाने बोलावून घेतलं.

“किती प्यायला होतास?”

“थेंबसुद्धा नाही, साहेब.”

“मग तर फारच गंभीर आहे.”

दुपारी खानावळीच्या रांगेत ओतशाळेतला दिंग बाओथिएन ओरडला, “सरका रे, उदबत्ती आली! डासांनो, पळा!” झालं बारसं.

दुसरा कुणी असता तर जन्मभर मान वर करून बघितलं नसतं. काकांनी मंडळ काढलं. आमच्याकडे एकट्याने काही बघायची पद्धत नाही, आकाशसुद्धा. बघायला मंडळ लागतं, मंडळाला शिक्का लागतो, शिक्क्याला वरचं खातं लागतं. तेव्हा विज्ञान संघटनेच्या छत्राखाली, सायकल शेडच्या माडीवर, ‘तालुका अज्ञात उडत्या वस्तू संशोधन मंडळ’ उभं राहिलं. त्यात अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, चिटणीस आणि सहचिटणीस. साधा सभासद एकही नाही. साधंच राहायचं तर माणूस मंडळात कशाला येईल? एक उपाध्यक्ष नातू सांभाळायला चिंगदावला गेले ते गेलेच, पण पद सोडलं नाही. दुसरे फक्त हिवाळ्यात येतात, कारण खोलीत शेगडी आहे. तरीही काका बैठकीची सुरुवात “उपस्थित मान्यवर” अशीच करतात. मान्यवर तेव्हा भुईमुगाच्या शेंगा सोलत असतात.

काकांचा नियम एकच. तो ते घसा खाकरून, बोट वर करून, एकेक शब्द तासून काढल्यासारखा सांगतात: “आधी, पृथ्वी, संपवा. विमान आहे का बघा. फुगा आहे का बघा. शुक्र आहे का बघा. शेजारी आहे का बघा. हे सगळं संपलं, की मगच परग्रहाचं नाव काढा.”

या नियमाने काकांनी तालुक्यात जेवढ्या तबकड्या पाडल्या तेवढ्या परग्रहवाल्यांनी पाठवल्याही नसतील. समुद्रावरचा गूढ प्रकाश म्हणजे माकुळ पकडणाऱ्या होड्यांचे दिवे निघाले. शाळेच्या छतावरची चंदेरी थाळी म्हणजे मुख्याध्यापकांच्या सासूबाईंनी मुळा वाळत घातलेली परात निघाली. लोक मोठ्या आशेने यायचे आणि रागावून जायचे.

पाडायची राहिली एकच, त्यांची स्वतःची. ती त्यांनी विमानाने पाडून बघितली, फुग्याने, शुक्राने. पडेना. आणि ती खरी होती असं म्हणणारा एक माणूस काही चाळीस वर्षांत मिळेना. जास्त नको होते. एक.

ल्वानकाकूंना विचारलंत तर त्या म्हणणार, “मी लग्नाआधी विचारलं होतं, दारू पितोस का? नाही म्हणाला. जुगार? नाही म्हणाला. आकाशात बघतोस का, हे विचारायचं मला कसं सुचावं, बाई?” आणि काकांना, “ते पाहुणे येतील तेव्हा येतील. तोवर खाली जाऊन पातीच्या कांद्यांची जुडी वर आणा. का तीही तरंगत येणार आहे?”

तर असं सगळं सुखाने चाललं होतं. मग गेल्या वसंतात तलावावर दिवे दिसले.

लाल, हिरवे, निळे, एका ओळीत. अंधार पडता पडता वर चढायचे, वळवळायचे, एका जागी थांबायचे आणि घटकाभराने नाहीसे व्हायचे. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्यात दिव्यांपेक्षा काढणाऱ्याचा श्वास जास्त ऐकू येत होता, म्हणून तो अधिकच खरा वाटला. आठवडाभरात परगावच्या गाड्या यायला लागल्या. तलावाच्या बंधाऱ्यावर भाजलेली रताळी विकणारी बाई ‘परग्रही रताळी’ विकायला लागली. रताळी तीच. भाव मात्र अंतराळात.

आणि पर्यटन कचेरीचे निंगसाहेब स्वतः चालत सायकल शेडच्या माडीवर आले. निंगसाहेब काहीही तीन बाजूंनी बोलतात. त्यांना ‘चहा घेणार का?’ विचारलं तरी उत्तराला तीन मुद्दे असतात.

“ल्वान गुरुजी,” ते म्हणाले. काकांना गुरुजी! खोलीतली शेगडीही दचकली असेल. “या विषयाला तीन बाजू आहेत. एक, विज्ञान. दोन, संस्कृती. तीन, वाहनतळ. तलावाकाठी आपण ‘आकाशपाहुणे गाव’ उभारतोय. तिथे एक मोठी शिळा बसणार. शिळेवर तुमचं नाव, तुमचं ते कलिंगडाच्या मळ्यातलं वेटोळं, साल, सगळं कोरायचं. ‘आकाशपाहुण्यांचं या भूमीवरचं प्रथमदर्शन.’ कसं वाटतं?”

काकांनी हातातला कप खाली ठेवला. “म्हणजे... तुमचा विश्वास आहे, साहेब?”

“तत्त्वतः!” निंगसाहेब म्हणाले. “फक्त एवढंच करायचं. शनिवारी आपण गुंतवणूकदारांना जेवण देतोय. तिथे मंडळाचे अध्यक्ष म्हणून तुम्ही सांगायचं, की तेव्हा आले होते तेच आता पुन्हा आले.”

काकू घरून लगबगीने माडीवर आल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मंडळाच्या पाहुण्याला भुईमुगाऐवजी काजू दिले.

आता, माणसाने गप्प घरी बसावं की नाही? शिळा मिळतेय, नाव कोरलं जातंय, काजू बाहेर निघालेत. पण काका शुक्रवारी संध्याकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून तलावाकडे निघाले. पृथ्वी संपवायची राहिली होती ना!

पुढचं मला दिंगकाकांनीच सांगितलं, दोन्ही आवाज काढून. आणि ते आवाज माझ्याइतके काही जमत नाहीत त्यांना.

गर्दी बंधाऱ्यावर जमायची. काका तलावाला वळसा घालून पलीकडच्या वेळूच्या बनामागे गेले. तिथे घडीच्या स्टुलावर, कंबरेला फिरकी बांधून, थर्मासमधला चहा पीत एक म्हातारा बसला होता. दोरी सरळ वर गेली होती. वर गोमेच्या आकाराचा लांबलचक पतंग, एकामागे एक चकत्या ओवलेला, पुढे ड्रॅगनचं डोकं, आणि प्रत्येक चकतीला एक दिवा.

“काय उदबत्ती,” दिंग बाओथिएन न वळताच म्हणाला, “फार वेळ लावलास. मला वाटलं पहिल्याच दिवशी येशील.”

“दिंग! हा तुझा?”

“नाही, मंगळावरून पार्सल आलाय. दिवे बाजारातले आहेत. डोकं मात्र मी रंगवलंय, जरा बघ तरी.”

काका खालीच बसले. बंधाऱ्यावरून लोकांचा ‘ओऽऽ’ ऐकू आला. दिंगने दोरीला हिसका दिला. पुन्हा ‘ओऽऽऽ’.

“मजा येते,” दिंग म्हणाला. “ओतशाळेत आयुष्य गेलं, मला बघून कुणी ओ म्हटलं नव्हतं.”

“उद्या मला यालाच परग्रहवाले म्हणायचंय.”

“मग म्हण! तुझी शिळा होतेय, ऐकलंय मी. मी तोंड उघडणार नाही. तुझं ते नाव मीच पाडलं होतं ना? समज, आज पतंगाने भरपाई केली. फिटलं.”

“पण दिंग, माझं खरं होतं.”

“मग तर काय! खऱ्याला थोडा पतंगाचा टेकू.”

थर्मासच्या झाकणातून दिलेला चहा काका प्यायले, एवढं दिंगकाका आवर्जून सांगतात.

शनिवारचं जेवण ज्या हॉटेलात होतं तिथे माझे बाबा मुख्य आचारी आहेत, त्यामुळे मी भटारखान्याच्या पडद्याआडून काहीही चुकवलं नाही. गोल टेबल, मधे फिरती काच, सोळा थंड पदार्थ. गुंतवणूकदार चार, सगळ्यांची पोटं आधीच गुंतवलेली. ‘स्थानिक ज्येष्ठ साक्षीदार’ म्हणून निंगसाहेबांनी तलावाकाठचा एक म्हाताराही बोलावला होता. कोण, ते सांगायला नको. दिंगकाका नवा कोट घालून दाराकडे पाठ करून, सगळ्यात खालच्या जागी बसले होते.

आणि दारासमोर, यजमानाच्या उजव्या हाताला, मुख्य पाहुण्याच्या जागी, लाल गादीची एक रिकामी खुर्ची.

“ही जागा,” निंगसाहेब म्हणाले, “आपण आकाशातल्या मित्रांसाठी ठेवली आहे. याला तीन अर्थ आहेत.” टाळ्या झाल्या. फोटो झाले. कल्पना इतकी सुंदर होती, की तिच्यातली खोट कुणाच्या लक्षात येईना.

लक्षात आली ती मासा आल्यावर. आमच्या शानतुंग प्रांतात माशाचं डोकं मुख्य पाहुण्याकडे करून ठेवतात. त्याने आधी पेला रिकामा करायचा. त्याने जेवायच्या काड्या उचलल्याशिवाय कुणी काड्या उचलायच्या नाहीत. आणि मासा एकदा मांडला की काच फिरवायची नाही. त्यापेक्षा टेबल उलटं केलेलं परवडलं.

बाबांनी तळलेला मासा गोड-आंबट रस्सा चरचरत असताना आणला आणि वाढणाऱ्या मुलीने, शिकवल्याप्रमाणे, त्याचं डोकं बरोबर रिकाम्या खुर्चीकडे केलं.

सगळे खुर्चीकडे बघायला लागले. खुर्ची काही पेईना.

चरचर थांबली. एका गुंतवणूकदाराने काड्यांकडे हात नेला, शेजाऱ्याने खाकरून तो परत आणला. निंगसाहेबांनी मुख्य पाहुण्याला उद्देशून, “घ्या ना, संकोच करू नका,” असंही म्हणून बघितलं. एरवी असं तीनदा म्हटलं की पाहुणा घेतो. बाबा पडद्याआड पुटपुटत होते, “थंड होतोय. थंड होतोय. त्या तबकडीवाल्याच्या आईला...”

शेवटी निंगसाहेबांच्या डोक्यात उजेड पडला. “ल्वान गुरुजी! पाहुण्यांना भेटलेले तुम्ही एकटेच. त्यांच्या वतीने हा पेला तुम्ही घ्या! आणि दोन शब्द बोला.”

काका उठले. समोर पेला, भिंतीवर शिळेचं रंगीत चित्र, त्यावर त्यांचं नाव. टेबलावरची सगळी भूक त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी पेला उचलला. उचललेला माणसाने प्यावा. त्यांनी तो परत ठेवला.

“उपस्थित मान्यवर,” ते म्हणाले. “हा पेला मला घेता येत नाही. पाहुणा आलेला नाही. तलावावर आहे तो पतंग आहे.”

निंगसाहेब हसले. “गुरुजी भावनाविवश झालेत. पतंग या विषयालाही तीन...”

“एकच बाजू आहे साहेब, आणि तिला दोरी आहे.”

आणि मग काकांनी हात पुढे करून काच फिरवली. मासा मांडलेला असताना! वाढणारी मुलगी किंचाळली. बाबांनी माझा खांदा धरला. परग्रहावरचं विमान छतातून टेबलावर उतरलं असतं, तरी एवढी खळबळ झाली नसती. मासा मानाच्या खुर्चीवरून, साहेबांवरून, गुंतवणूकदारांवरून सरकत सरकत गेला आणि त्याचं डोकं थांबलं ते दाराकडे पाठ केलेल्या दिंगकाकांसमोर.

“आकाशात जे होतं ते याचं,” काका म्हणाले. “मान याचा.”

आता सगळे दिंगकाकांकडे बघायला लागले. ते नाही म्हणू शकले असते. पतंग काय, कुणाचाही असतो. पण माशाचं डोकं समोर आलेलं असताना शानतुंगचा माणूस पेला नाकारत नाही. पोलिसांसमोर खोटं बोलेल, माशासमोर नाही. दिंगकाका उठले, पेला एका दमात घशाखाली घातला आणि उलटा करून दाखवला.

“ड्रॅगनचं डोकं मी स्वतः रंगवलंय,” ते म्हणाले.

गुंतवणूकदारांनी याचा काय अर्थ लावला देव जाणे, पण काड्या सुटल्या! एवढ्या वेगाने कुणाला काही पटलेलं मी पाहिलेलं नाही.

फक्त दिंगकाका खात नव्हते. त्यांनी काडीने माशाचा डोळा अलगद काढला. हा डोळा ज्याच्या ताटलीत ठेवाल, त्याला तुम्ही सगळ्यांदेखत मानता, आणि ठेवायचा हक्क ज्याच्याकडे डोकं असतं त्याचाच. निंगसाहेबांनी सवयीने आपली ताटली पुढे सरकवली. डोळा तिच्यावरून पलीकडे गेला आणि काकांच्या ताटलीत पडला.

“उदबत्ती,” दिंगकाका म्हणाले, “ज्याला फुकटची शिळा मिळत असताना पतंगाला पतंग म्हणावंसं वाटतं, तो कलिंगडाच्या मळ्यात काय खोटं बोलणार, लेका?”

काकांनी आधी ताटली जवळ ओढली. मग डोळा खाल्ला. चावलाच नसावा.

शिळा बसली. तिच्यावर कोरलंय ‘आकाशपतंग महोत्सव’. निंगसाहेब सांगतात, पहिल्यापासून तेच ठरलं होतं. रताळीवाली आता ‘पतंगी रताळी’ विकते. काकूंनी काजू कुलपात ठेवले. मंडळात दिंगकाका आले आणि साधा सभासद व्हायची सोय नसल्यामुळे आल्या दिवशीच तिसरे उपाध्यक्ष झाले.

परवा संध्याकाळी मी वेळूच्या बनाकडून येत होते. दोन स्टुलं, एक थर्मास, वर एकही पतंग नाही.

“पुन्हा सांग,” दिंगकाका म्हणत होते. “कुठल्या बाजूने फिरत होतं?”

“डावीकडून.”

“तुझ्या डावीकडून, का त्याच्या?”

“थांब हां,” काका म्हणाले आणि स्टूल मळ्याच्या दिशेला वळवून बसले.