पासिंगची गाडी

चूक माझी होती. हे वाक्य तोंडाने म्हणायला मला फार वर्षं लागली, म्हणून इथे ते पहिल्यांदाच लिहून टाकतो. उत्रोलीच्या शिवारातली ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. रस्त्यात आडवी सायकल, कलंडलेली दुधाची किटली आणि भाताच्या पेंढ्यातून वाट काढत गेलेला दुधाचा ओघळ.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. भोर भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार म्हणून नुकताच हजर झालो होतो. त्याआधी मी मोठ्या शहरात वाहतूक शाखेत होतो. तिथे दिवसभर आमच्या तोंडी एकच शब्द असायचा, पासिंग. बारा पासिंग म्हणजे पुण्याची गाडी, अकरा पासिंग म्हणजे साताऱ्याची. नंबर कुठल्या जिल्ह्याचा, एवढाच त्याचा अर्थ माझ्या कानात बसला होता.

उत्रोलीचा एक दूधवाला रोज सकाळी सायकलवरून भोरच्या डेअरीला दूध घालायचा. त्या दिवशी मागून आलेल्या गाडीने त्याला उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. त्याचा पाय मोडला. गाडी त्याने पाहिलीच नव्हती. पाहिली होती ती फक्त रस्त्याकडेला भात वाळत घालणाऱ्या एका बाईने. मी तिथेच उभ्या उभ्या तिचा जबाब घेतला.

"मावशी, टेम्पो कसला होता?"

"पिवळा रंग व्हता बगा. अन् पासिंगची गाडी व्हती."

"कुठलं पासिंग?"

"आता कुठलं म्हंजी? भोरचंच की."

मी हवालदाराकडे बघून हसलो. "अहो मावशी, भोरचं पासिंग नसतं. बारा असतं, नाहीतर अकरा. आकडे वाचता येतात का तुम्हाला?"

"न्हाई बाबा," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसून गप्प झाली.

'साक्षीदार निरक्षर असून वाहनाचा क्रमांक सांगू शकत नाही,' असं मी लिहून घेतलं. सायकलच्या मागच्या मडगार्डवर पिवळा रंग लागला होता. पंचनाम्यात तेही एका ओळीत नोंदवलं. मनात मात्र मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. वाचता न येणाऱ्या बाईच्याही पासिंग लक्षात राहिलं, म्हणजे नंबर इथला नसणार, गाडी परजिल्ह्यातली असणार, असा तर्क मी केला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने उचलला. पलीकडून कुणी तरी म्हणालं, "उत्रोलीचा पिवळा टेम्पो शोधताय न्हवं? भोरात एकानं ताडपत्रीखाली झाकून ठेवलाय, बगा जावा." फोन बंद. करणारा कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

टेम्पो खरोखरच ताडपत्रीखाली होता. रंग पिवळा, डावीकडचा पुढचा पत्रा चेपलेला आणि नंबर साताऱ्याचा. अकरा पासिंग! मला आणखी काय हवं होतं?

मालक पन्नाशी ओलांडलेला मुसलमान गृहस्थ होता. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा. साताऱ्याहून जुना घेतलेला त्यांचा टेम्पो लग्नाच्या भाड्यासाठी प्रसिद्ध होता. भोरपासून आंबवड्यापर्यंत कुणाच्याही मुलीचं लग्न ठरलं की रुखवत आणि भांडीकुंडी चाचांच्याच टेम्पोत चढायची. 'चाचाच्या गाडीतनं गेलेली पोरगी रडत माघारी येत न्हाई,' असं बायाबापड्या म्हणायच्या. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त चेपलेला पत्रा दिसत होता.

बाजाराचा दिवस होता. भर पेठेतून मी त्यांना ठाण्याकडे चालवत आणलं. बघ्यांची गर्दी झाली, तसा माझा आवाज चढला. "माणूस उडवतोस आणि गाडी झाकून ठेवतोस?" वयाने माझ्याहून मोठ्या माणसाला मी अरे-तुरे करत होतो आणि ते ऐकायला अख्खी पेठ उभी होती.

ठाण्यात बसवून विचारलं, "टेम्पो का झाकला?"

"पासिंग करायचंय सायेब. पत्रा ठोकून घेतोय, मग रंग द्यायचा. तवर धूळ बसू नये म्हनून झाकलाय."

"पत्रा चेपला कसा?"

"वखारीत माल भरताना खांबाला घासला. वखारवाल्याला इचारा."

"आणि सायकलला तुझा रंग कसा लागला?"

"माझ्या गाडीचा रंग?" चाचा पहिल्यांदाच जरा हसले. "सायेब, तो नखानं खरवडला तरी निघायचा न्हाई. चला, खरवडून बगा."

मी बघितलं नाही. वखारवाल्याने चाचांचं म्हणणं खरं असल्याचं सांगितलं, तर तो यांचाच माणूस म्हणून मी ते बाजूला सारलं. चाचांना जामीन मिळाला, पण टेम्पो मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभा राहिला. तो सोडवण्यासाठी त्यांनी कोर्टात अर्ज केला, तेव्हा पोलिसांचं म्हणणं सादर करायला मी मुद्दाम वेळ लावला.

वाचकांसाठी इथे थोडं सांगायला हवं. धंद्याच्या गाडीची, म्हणजे टेम्पो, ट्रक किंवा गावोगाव प्रवासी भरून नेणारी वडापची जीप यांची, नवेपणीची पहिली दोन वर्षं सोडली तर दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागे. ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, टायर असं सगळं मोटार वाहन निरीक्षक बघणार, चालवून पाहणार आणि मग गाडी रस्त्यावर धावायला योग्य असल्याचा दाखला मिळणार. मुदत संपायच्या आत ते केलं नाही, तर गाडी दारात उभी. त्यासाठी पुण्याला आरटीओत जावं लागे. पण भोर-वेल्ह्याच्या लोकांची सोय म्हणून महिन्यातून एकदा निरीक्षक भोरला येत. एका मोकळ्या मैदानावर कॅम्प भरे. या सगळ्या प्रकाराला लोक एकच शब्द वापरत, पासिंग.

चाचा दर दोन-तीन दिवसांनी ठाण्याच्या फाटकाशी येऊन उभे राहत. "सायेब, मला आत ठिवा पायजे तर. पर पुढच्या कॅम्पाला गाडी जाऊ द्या. माज्यासंगं शिपाई द्या. मुदत संपतीया अन् लग्नसराई तोंडावर हाय."

"माणूस दवाखान्यात पडलाय आणि तुला पासिंग सुचतंय?" हे माझं उत्तर.

पुढच्या कॅम्पचा दिवस उजाडला. अपघातातल्या वाहनाची तपासणीही निरीक्षकांकडूनच होते. म्हणून त्यांना ठाण्यात घेऊन यायला मी स्वतः मैदानावर गेलो. कॅम्प मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. गाड्यांची रांगच रांग लागली होती. कुणाच्या बंपरला रंग देणं चाललेलं, कुणी दिव्याची काच पुसतोय, कुणी हॉर्न वाजवून बघतोय. बहुतेक गाड्यांना झेंडूचे हार. एक माणूस दोन गाड्यांच्या मधून अंग चोरत निघाला होता. त्याला एक ड्रायव्हर ओरडला, "ओ पाव्हणं, लांबनं! पासिंगची गाडी हाय, रंग वला हाय अजून!"

दुसरा हसला. "पाव्हण्याचा लेंगाबी पास करून घ्या मग."

सगळे हसले. मी मात्र जागच्या जागी थिजलो. पासिंगची गाडी. भोरचंच की. त्या मावशीने नंबराबद्दल काही सांगितलंच नव्हतं. भोरच्या कॅम्पला पासिंगसाठी निघालेली, नटवलेली, ओल्या रंगाची गाडी तिने पाहिली होती. दूधवाल्याला उडवलं तो दिवस कॅम्पचाच होता का, हे तिथेच एकाला विचारलं. होता.

निरीक्षकांना "थोड्या वेळाने येतो" एवढंच सांगून मी ठाण्यात परतलो आणि मुद्देमालाच्या खोलीतून ती सायकल उजेडात काढली. मडगार्डवरचा पिवळा रंग घासून खरवडून उमटलेला नव्हता. तो लोण्यासारखा फासला जाऊन मग वाळला होता. त्यात भाताच्या पेंढ्याची एक काडी चिकटली होती. कोरड्या रंगात काडी रुतत नाही. मग आवारात जाऊन चाचांच्या टेम्पोवर नख मारलं. रंगाचा कणही निघाला नाही. त्यांनी पहिल्या दिवशी हेच करायला सांगितलं होतं.

संध्याकाळच्या आत हवालदाराला घेऊन उत्रोली गाठली. मावशी अंगणात भात पाखडत होत्या.

"मावशी, त्या दिवशीचा टेम्पो—"

"टेम्पो कवा म्हनले म्या? तुमीच म्हनला टेम्पो. जीप व्हती ती, वडापची! म्होरं हार, बंपर पिवळाधम्मक."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी हसला की मला. मग म्हनलं, जाऊ द्या, शिकल्यालं मानूस हाय."

हवालदाराने मान फिरवली. मी पुन्हा विचारलं, "आणखी काही दिसलं होतं, मावशी? आता मी हसणार नाही."

"मागल्या चाकाच्या रबरावर मोर काडला व्हता. लई ग्वाड मोर."

हवालदार वेल्हे भागातला होता. चिखल उडू नये म्हणून चाकामागे लावतात त्या रबरावर मोर काढलेली एक जीप पानशेतला धरणाजवळ उभी असते, हे त्याने पाहिलेलं होतं. पुण्याहून येणाऱ्या लोकांना ती फिरवायची. आम्ही साध्या कपड्यांत गेलो. ड्रायव्हर पंचविशीचा तरुण होता. मी त्याला हॉटेलच्या बाकावर बसवलं, चहा मागवला आणि या वेळी एकही शब्द माझ्या पदरचा घातला नाही.

"पासिंग कधी झालं गाडीचं?"

"मागल्या महिन्यात. भोरच्या कॅम्पाला."

"जाताना काय झालं?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "उशीर झाला व्हता सायेब. तपासनारं सायेब लवकर निघून जात्यात असं कुणीतरी म्हनलं. सायकलला बंपर लागला. डब्यात रंग उरला व्हता, मैदानावर पोचल्यावर पुन्ना फासला. गाडी पास झाली सायेब. म्या नापास झालो. त्या दिवसापास्नं जेवन गोड लागत न्हाई." तो रडला. त्याला ओरडावं असं मला वाटलं नाही. माझ्या तोंडाला तो अधिकार उरला नव्हता.

त्याच्यावर खटला चालला. त्याने गुन्हा कबूल केला. दूधवाल्याचा पाय बरा होईपर्यंत त्याचं दूध डेअरीला पोचवण्याची व्यवस्था त्या पोराच्या घरच्यांनी आपणहून केली. पुढच्या पावसाळ्यात दूधवाला पुन्हा सायकलवर दिसला. जरा लंगडत होता, पण घंटी जोरात वाजवत होता.

चाचांचा टेम्पो कोर्टाच्या आदेशाने सुटला. तोवर मुदत संपली होती. त्यांना पुण्याला जाऊन पासिंग करावं लागलं आणि निम्मी लग्नसराई गेली. ताबा देताना मी कागदावर सही घेतली आणि म्हणालो, "जा, घेऊन जा."

चाचा जरा घुटमळले. "सायेब, खरा मानूस गावला हे पेठेत तेवडं सांगाल का? लोक म्हंत्यात, मानूस उडवल्याली गाडी लग्नाला नगं."

"पोलीस असं सांगत फिरत नाहीत," मी म्हणालो.

हे वाक्य मी बदलीच्या गावी घेऊन गेलो, आणि त्याच्या पुढच्या गावीही. आंबवड्याची माणसं दुसरा टेम्पो बोलावू लागल्याचं हवालदाराने एकदा फोनवर सांगितलं, तेव्हा मी विषय बदलला. मुदतीआधी मी निवृत्ती घेतली. घरी बसल्यावर विचार करायला वेळ मिळाला. गाडीला दरवर्षी उघड्या मैदानावर उभं राहावं लागतं. परका माणूस येऊन तिचा हॉर्न, दिवे, ब्रेक तपासतो. मी मात्र भरतीच्या वेळी एकदा पास झालो आणि तेवढ्यावर सगळी नोकरी धावलो. माझे ब्रेक कुणी तपासले नाहीत आणि मीही कुणाला तपासू दिले नाहीत. साक्षीदाराचा शब्द त्याच्याच गावच्या अर्थाने ऐकावा, हे तर शिकलोच. पण चुकलेल्या माणसाने चूक तिथेच दुरुस्त करावी, जिथे ती केली, हे शिकायला जास्त वेळ लागला.

पुढचं आधी सांगून टाकतो. चाचांच्या टेम्पोत आता पुन्हा रुखवतं चढतात. हवालदार निवृत्तीनंतर आंबवड्याला राहतो. त्याच्या नातीचं सामानही त्याच टेम्पोतून गेलं. त्याने फोनवर हे सांगितलं, तेव्हा मी विषय बदलला नाही.

आता शेवटचं. मधल्या काळात एक दिवस मी भोरला गेलो. मुद्दाम कॅम्पचा दिवस निवडला. तेच मैदान, तशीच रांग. पिवळा टेम्पो मला लांबूनच ओळखू आला. मी मागच्या बाजूने जवळ गेलो, तेवढ्यात आतून आवाज आला, "आवो, मागं कोन हाय? जरा बगा, लाल दिवा लागतोय का?"

"लागला," मी म्हणालो.

"आता?"

"विझला."

चाचा खाली उतरून मागे आले. दाढी पांढरी झाली होती. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "सायेब? तुमी हितं?"

"चाचा," मी म्हणालो, "तुमच्याकडेच आलोय. माझं चुकलं. मला माफ करा."

चाचा रांगेकडे बघून मिस्कील हसले. "एवडं हळू? तवा तर पेठेला ऐकू जाईल असं बोलला व्हता की."

रांगेत भोरचे होते, आंबवड्याचे होते, वेल्ह्याचे होते. मी वळून त्यांच्याकडे तोंड केलं आणि पेठेत लावला होता तेवढाच आवाज लावून म्हणालो, "मंडळी, मी इथला जुना फौजदार. उत्रोलीच्या दूधवाल्याला या चाचांनी उडवलं नव्हतं. यांच्या गाडीने कधीच कुणाला धक्का लावलेला नाही. मी यांना भर बाजारातून खोट्या आरोपाखाली नेलं. चाचा, तुमच्या सगळ्या गावासमोर मी तुमची माफी मागतो."