काशीदादांचा पिवळा ठिपका

पेट्रोलचा डबा हुंगताना काशीदादा भिंतीकडे तोंड करायचे. डोळे मिटायचे, झाकणाशी नाक न्यायचे आणि एकदा लांब, दोनदा आखूड श्वास घ्यायचे. तेवढ्या वेळात कोणी बोलायचं नाही. एखादं गिऱ्हाईक मागून काही विचारायला लागलंच तर त्यांचा डावा हात वर व्हायचा, रस्त्यावर ट्रक थांबवावा तसा. मग ते वळायचे आणि दोनपैकी एक निकाल द्यायचे. "बरा हाय." किंवा, "यो श्वास घेतो." बऱ्या डब्याच्या मुठीखाली पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका पडायचा. श्वास घेणाऱ्या, म्हणजे वाफ सोडणाऱ्या डब्यात आधी पाणी भरून मग छिन्नीने भोक.

भोक कशाला, असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. नुसता बाजूला ठेवा, कोणीतरी पाण्याला नेईल. ते म्हणाले, "ताय, आज पाण्याला नेईल, उद्या त्याचा मेव्हणा पेट्रोलला नेईल. डबा काय सांगणार हाय, मना नापास केलाय म्हणून?"

आमचं दुकान पूर्णा गावाच्या रस्त्यावर, गोडाऊनच्या पट्ट्यात. ताडपत्र्या, दोर, साखळ्या, नट-बोल्टचे पाने, डबे. सासऱ्यांनी काढलेलं. ते गेल्यावर मी चालवायला घेतलं, कारण नवऱ्याला बँकेतली नोकरी सोडायची नव्हती आणि मला घरात करमत नव्हतं. गिऱ्हाईक सगळं गोडाऊनच्या ट्रकवाल्यांचं. अलीकडच्या सात-आठ वर्षांत त्यात जीपवाले आले. कल्याण-ठाण्याची चांगल्या नोकरीतली माणसं, जिथे रस्ता नाही तिथे मुद्दाम गाडी घालणारी. शनिवार-रविवारी वाडा-जव्हारच्या डोंगरात, मोठी सुट्टी मिळाली की थेट लडाख, स्पिती. तिकडे शंभर-शंभर मैल पंप नाही, म्हणून त्यांना जास्तीचं पेट्रोल न्यायला डबे लागायचे.

काशीदादा शेजारच्या वळ गावचे. जमीन गोडाऊनला गेली, दुमजली घर झालं, दोन्ही मुलं कामाला लागली. त्यांना कामाची काही गरज नव्हती. पण त्याआधी त्यांनी हायवेवरच्या एका पंपावर बावीस वर्षं पेट्रोल भरलं होतं आणि घरात बसणं त्यांना जमेना. "घरी बसून काय करू? आमच्या शेतावरच्या गोडाऊनचे पत्रे मोजू?" असं म्हणत एक दिवस दुकानात आले आणि स्टूल ओढून बसले. ते बारा वर्षं बसले.

डबा तपासायची त्यांची रीत ठरलेली. दुकानामागच्या मोकळ्या अंगणात, लोकांपासून लांब, डब्यात कपभर पेट्रोल ओतायचं, झाकण लावून चांगला हलवायचा आणि पांढऱ्या फडक्यावर उन्हात आडवा निजवायचा. तासाभराने शिवण, मुठीचा जोड आणि झाकण हुंगायचं. मी म्हटलं, पाणी भरून बघा की, गळलं तर दिसेल. ते हसले. "पाणी दिसतं. पेट्रोल दिसायच्या आधी उडून जातं. त्याला बघायचं न्हाय, हुंगायचं."

गिऱ्हाइकाला डबा देताना त्यांचं एक भाषण असायचं. ते ऐकल्याशिवाय डबा हातात मिळायचा नाही. पत्र्याचा घ्या, जाड घ्या, बोटाने दाबला तर दबता कामा नये. झाकण फिरकीचं नको, खटक्याचं हवं, आणि आतलं रबर दर वर्षी बदला. गोडाऊनमधून निघालेला केमिकलचा प्लास्टिक डबा फुकट मिळाला तरी घेऊ नका. डबा जमिनीवर ठेवून भरा, गाडीत ठेवून भरू नका. वरची चार बोटं रिकामी ठेवा, उन्हात पेट्रोल फुगतं. आणि चूल, शेगडी, विडी, जे काय असेल ते डब्यापासून वीस पावलं लांब.

एकदा एका तरुण मुलीने विचारलं, "काका, यात काळा आहे का? माझ्या गाडीला मॅच होईल असा."

"लग्नाला न्यायचाय काय त्याला?"

"नाही हो, फोटोत चांगला दिसतो."

"फोटोत डबा दिसावा अशी गाडी चालवू नको, बाय," काशीदादा म्हणाले. मग आत जाऊन काळा शोधून आणला, तपासला, ठिपका दिला आणि भाषण पूर्ण केलं. ती वीस पावलं मोजून दाखवते म्हणून दुकानातच चालायला लागली. एकोणिसाव्या पावलाला ताडपत्र्यांच्या ढिगावर आपटली. "आणखी एक ऱ्हायलं," एवढंच ते म्हणाले.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा त्यांना ताप आला. दवाखान्यात न्यावं लागलं नाही, पण दीड महिना घरी होते. परत आले ते बारीक होऊन. स्टूलवर बसले, भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले. सगळं पूर्वीसारखं. लॉकडाउनने कंटाळलेली माणसं तेव्हा गाड्या काढून डोंगराकडे सुटली होती. इतके डबे आम्ही पूर्वी कधी विकले नव्हते.

त्यांच्या घरचा जेवणाचा डबा रोज दुपारी त्यांच्या बायकोकडून यायचा. पार्वतीवहिनी नातवाच्या स्कूटरवर मागे बसून यायच्या. काशीदादा जेवणाला नाव ठेवणारे. जवळ्यात चिंच कमी, भाकरी करपली, कालवणाला वास लागलाय. वहिनी उभ्या राहून ऐकायच्या आणि रिकामा डबा आपटत निघायच्या. एका सोमवारी मात्र त्या माझ्याजवळ थांबल्या. चेहरा खुललेला.

"ताय, दुखणं आलं ते बरंच झालं बघा. मानूस सुधारला."

"म्हणजे?"

"दोन महिने झाले, जेवनाला नाव न्हाय. काल दूध करपलं होतं, तरी मुकाट प्यायले. देवच पावला."

मी हसले. त्या गेल्यावर हसू गेलं. कोरोनात माणसांना वास येईनासा होतो हे तोवर सगळ्या जगाला माहीत झालं होतं.

बुधवारी मी एका नव्या डब्याच्या झाकणातलं रबर काढून घेतलं. कपभर पेट्रोल ओतलं, झाकण लावलं आणि उन्हात ठेवला. तासाभराने त्याच्याजवळ गेले तर तीन हातांवरून मला वास आला. तो डबा मी काशीदादांच्या हातात दिला. ते भिंतीकडे वळले. एकदा लांब, दोनदा आखूड.

"बरा हाय," ते म्हणाले आणि ब्रश उचलला.

"दादा, त्यात रबर नाही."

ब्रश तसाच राहिला. टोकाला पिवळा थेंब जमला आणि त्यांच्या धोतरावर पडला. त्यांनी तो अंगठ्याने पुसला, डाग पसरला. मग म्हणाले, "वाटलं येईल परत. डागदर बोललेला, येतो परत."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगू? नाक गेलं तर मी हितं कोन? गोडाऊनला जमीन दिलेला एक म्हातारा." त्यांनी ब्रश डबीवर आडवा ठेवला. "झाकण हाताला बरोबर लागायचं. शिवण डोळ्याला बरी दिसायची. तेवढ्यावर ठिपका देत गेलो."

मी रागावले नाही, समजूतही घातली नाही. बिलाची पुस्तकं काढली. ते आजारातून परतल्यापासून ठिपका दिलेले एकेचाळीस डबे बाहेर गेले होते. प्रत्येकाचा फोन नंबर होता. "परत आणायचे," मी म्हटलं. "सगळे."

पुढचे दहा-अकरा दिवस आम्ही तेच केलं. मी फोन करायची, लोक वैतागायचे. काशीदादा मुलाच्या टेम्पोत बसून जायचे. अंबाडी गावच्या एका शेतकऱ्याने शेतातल्या पंपासाठी दोन डबे नेले होते, तो द्यायला तयार होईना. "डबा झकास हाय काका, कशाला नेताव?" काशीदादांनी त्याला सगळं सांगितलं. प्रत्येकाला ते असंच सांगायचे, दारात उभे राहून, चप्पल न काढता. मना वास येत न्हाय. मी न बघता ठिपका दिला. माझी चूक हाय. लोकांची तोंडं मी बघितलेली नाहीत, पण टेम्पो चालवणारा मुलगा म्हणायचा, बाबांना आता आवरा.

चाळीस डबे आले. मी सगळे उन्हात निजवले आणि हुंगले. अडतीस ठणठणीत होते. दोन डब्यांच्या झाकणाला वास होता. मी म्हटलं, अडतीस तरी परत देऊन टाकू. काशीदादांनी छिन्नी घेतली आणि चाळीसच्या चाळीस डब्यांना भोकं पाडली. दुपारभर अंगणात ठोकण्याचा आवाज चालू होता. मी अडवलं नाही.

एक डबा राहिला. तो कल्याणच्या एका दातांच्या डॉक्टरने नेला होता. पस्तिशीचा, बोलका माणूस. फोन लागत नव्हता. क्लिनिकमधली बाई म्हणाली, सर मित्रांबरोबर स्पितीला गेलेत, तिकडे रेंज नसते. मी मेसेज टाकला. डबा वापरू नका, उघड्यावर रिकामा करा. मेसेजपुढे एकच खूण दिसत होती. काशीदादा रोज सकाळी आल्या आल्या विचारायचे, "दुसरी खूण आली?" त्यांना मोबाइलमधलं एवढंच कळत होतं.

सहाव्या दिवशी दुसरी खूण आली. थोड्या वेळाने डॉक्टरच्या बायकोचा फोन आला. नदीच्या पात्रात मुक्काम होता. जीपच्या मागच्या दाराशी चहाला शेगडी पेटवली आणि भडका उडाला. बाकीचे बाजूला होते म्हणून वाचले. डॉक्टर डबा बाहेर ओढायला गेला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

त्याला मुंबईला आणल्यावर आम्ही भेटायला गेलो. हात पट्ट्यांत होते. काशीदादा पलंगाच्या पायाशी उभे राहिले. डॉक्टरच म्हणाला, "काका, तुम्ही वीस पावलं सांगितली होतीत. आम्ही दोनसुद्धा चाललो नाही. वारा होता ना, गाडीचा आडोसा घेतला."

"डबा माझा होता," काशीदादा म्हणाले.

"झाकण मीच भरल्यावर लावलं होतं. नीट बसलं नसेल."

"ठिपका माझा होता."

आम्ही निघालो. पुढे हात बरे झाले, पण बोटं पूर्वीसारखी वळली नाहीत. डॉक्टरने क्लिनिक दुसऱ्याला चालवायला दिलं.

दोन महिन्यांनी त्याच्या मित्राने तो डबा दुकानात आणून दिला. कोळशासारखा काळा. रंग जळलेला, ठिपका जळलेला, रबराची राखसुद्धा उरली नव्हती. तो गळत होता की नव्हता, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. मला आजही माहीत नाही. काशीदादांनी तो हातात घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. एकदा लांब, दोनदा आखूड. मी मागे उभी होते. त्यांचा डावा हात वर झाला नाही, पण मी बोलले नाही. मग त्यांनी डबा खाली ठेवला, छिन्नी शोधली आणि त्यालाही भोक पाडलं.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मी दोनदा वळला जाऊन आले. वहिनी म्हणाल्या, जेवणाला नाव ठेवत नाहीत, जेवतच नाहीत धड. तिसऱ्यांदा गेले ती त्यांच्या दहाव्याला. झोपेत हृदय बंद पडलं, असं गावातले डॉक्टर म्हणाले. मुलाने मला ती छिन्नी आणि पेंटची डबी आणून दिली. बाबांनी तसं सांगून ठेवलं होतं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. वहिनी माझ्याशी सोमवारी बोलल्या. मला त्याच क्षणी कळलं होतं. पण त्या आठवड्यात अकरा डब्यांची मागणी होती, दुकानात रांग होती, आणि म्हाताऱ्या माणसाला असं सगळ्यांसमोर कसं विचारायचं, असं मी स्वतःला म्हटलं. बुधवारी विचारलं. दातांचा डॉक्टर मंगळवारी आला होता. डबा मी माझ्या हाताने त्याला दिला, आणि मागे उभं राहून काशीदादांचं भाषण ऐकलं.

आता डबे मी तपासते. काउंटरखाली एक काचेची बरणी आहे, तिच्यात चिमूटभर सुका जवळा. रोज सकाळी शटर उघडलं की आधी बरणीचं झाकण काढते आणि हुंगते. सर्दी असली, वास जरा जरी कमी वाटला, तर त्या दिवशी डबा विकत नाही, मग कितीही लांबून कोणी येवो. गिऱ्हाइकं विचारतात, ताई, हे काय? मी सांगते, आधी माझं नाक तपासते, मग तुमचा डबा. बहुतेकजण हसतात. हसू द्यावं. मग मी भिंतीकडे तोंड करते.