विचारून येणारी माणसं

दर रविवारी गाण्या-प्रार्थनेसाठी जमणाऱ्या त्या सभेत देवाबद्दल कुणी कुणाला विचारत नसे. कुणी एक देव मानी, कुणी अनेक, कुणी नुसतं डोळे मिटून बसे, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसणारे काचवाले तर काहीच मानत नसत. तरी सभागृहाची किल्ली त्यांच्याकडेच होती. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन खिडक्या उघडायच्या, खुर्च्या मांडायच्या आणि सगळे गेले की कप विसळून कुलूप लावायचं, हे काम ते इतकी वर्षं करत होते की नव्याने येणाऱ्याला तेच सभेचे प्रमुख वाटत. "मी देवाचा माणूस नव्हे हो," ते सांगत, "खिडक्यांचा."

आणि ते खरंच होतं. खिडक्यांना काचा बसवणं हाच त्यांचा धंदा. मुलांच्या चेंडूने सभागृहाची एक मोठी काच फुटली, ती बसवायला ते इथे पहिल्यांदा आले होते. सोबत बायको होती, कारण एवढी मोठी काच एकट्याला धरता येत नाही. आत गाणं चाललं होतं. काच बसली, कडेची पुट्टी बोटाने सारखी करून झाली, हत्यारं पिशवीत गेली, तरी बायको जागची हलेना. पुढच्या रविवारी ती परत गेली. ती गेली म्हणून हेही गेले. तिने मनापासून प्रार्थना करावी आणि यांनी मनापासून खिडक्या पुसाव्यात, अशी त्यांची वाटणी ठरली आणि दोघांनाही ती मानवली.

सभेची एक रीत होती. कुणाच्या घरी माणूस गेलं की सभेतली माणसं आळीपाळीने संध्याकाळी तिथे जाऊन बसत. त्याला ते 'सोबत' म्हणत. उपदेश करायचा नाही, आपली दुःखं उगाळायची नाहीत. घरातलं माणूस बोललं तर ऐकायचं, नाही बोललं तर गप्प बसायचं, निघताना कप विसळून ठेवायचे. गप्प बसणं ऐकायला सोपं वाटतं. करून बघावं म्हणजे कळतं.

सभेत एक लिलाववाले होते. जन्मभर भाजीच्या बाजारात लिलाव पुकारलेला, त्यामुळे त्यांचा हळू आवाजसुद्धा तीन गाळ्यांपलीकडे जाई. मुलं त्यांना भोंगा म्हणत. मोठी माणसं मुलांना दटावत आणि मग स्वतःही तेच म्हणत. हे लिलाववाले एकदा एका घरी सोबतीला गेले. वडील गेलेला तरुण मुलगा समोर खाली मान घालून बसला होता. ते बघून यांना राहवेना. उभे राहिले आणि लागले खड्या आवाजात प्रार्थना म्हणायला. मुलाने दोनदा "पुरे" म्हटलं, ते यांना ऐकूच गेलं नाही. तो मुलगा पुन्हा कधी सभेकडे फिरकला नाही.

पुढच्या बैठकीत काचवाले उभे राहिले. ते सहसा बोलत नसत, म्हणून सगळ्यांनी कान टवकारले. "घराला दार असतं," ते म्हणाले. "आधी विचारायचं. या म्हणाले तरच जायचं. न विचारता कुणीही कुणाच्या घरात आपला देव घेऊन शिरायचं नाही." लिलाववाल्यांकडे त्यांनी पाहिलं नाही, पण बाकी सगळ्यांनी पाहिलं. नियम एकमताने झाला. आणि जो सूचना करतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, तसं विचारण्याचं कामही काचवाल्यांच्याच गळ्यात पडलं. तेव्हापासून दुःख असलेल्या घरी त्यांचा फोन जाई : "मी काचवाला बोलतोय. आमच्यातलं कुणी येऊ का?" होकार आला की कोणी जायचं ते तेच ठरवत. लिलाववाल्यांना त्यांनी पुन्हा एकदाही पाठवलं नाही. लिलाववाल्यांनीही कधी कारण विचारलं नाही. बिचारे पुढच्या रांगेत बसून गाणी तेवढी म्हणत राहिले.

"नियम बरोबर आहे तुमचा," नियम झाला त्या दिवशी घरी आल्यावर काचवाल्यांची बायको म्हणाली होती. "पण सभेतली त्यांची प्रार्थना मला बाई आवडते. समजा देवाला कमी ऐकू येत असलं तर?"

"मग वरच्या मजल्यावरच्यांना तरी पोचते," काचवाले म्हणाले, आणि दोघं खूप वेळ हसली.

पुढे ती बायको गेली. दुखणं लांबलं नाही, एवढंच काय ते सुख. शेवटच्या निरोपाला अख्खी सभा आली. सभेच्या ताई, म्हणजे सभा चालवणाऱ्या बाई, दोन शब्द बोलल्या, आणि देवाचं नाव घेताना जरा अडखळल्या, कारण पहिल्या रांगेत काचवाले बसले होते. लेक काही दिवस राहिली आणि आपल्या गावी परत गेली. तिचंही घरदार होतं, नोकरी होती.

त्या संध्याकाळी काचवाल्यांनी बैठकीची खोली झाडली. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, धुतलेले कप पुन्हा धुतले आणि वाट बघत बसले. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जिन्यात पावलं वाजली की ते उठून उभे राहत. पावलं वरच्या मजल्यावर निघून जात.

मग रस्त्यात ताई भेटल्या. त्यांनी काचवाल्यांचा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले होते त्यांचे. "तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या," त्या म्हणाल्या. "आम्ही कुणीही तुमच्या मध्ये येणार नाही. तुमच्या विचारांचा मान आम्ही ठेवू." काचवाल्यांनी मान डोलावली आणि घरी आले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिथेच उभे राहिले. 'येऊ का?' असं विचारणारा माणूस सभेत एकच होता, आणि तो इथे ओट्यापाशी उभा होता. त्याला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नियमाबाहेर पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. त्यातून हा तर देव न मानणारा, याच्या दारात कसं जायचं? माणसं वाईट नव्हती. चांगुलपणानेच ती आपल्या घरी बसून राहिली होती. काचवाल्यांना त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि मग नुसतं रडू आलं.

आता पुरे झालं, असं त्यांनी ठरवलं. जिच्यासाठी जात होतो तीच राहिली नाही. रविवारी किल्ली परत द्यायची आणि मोकळं व्हायचं.

रविवारी त्यांनी नेहमीसारख्या खिडक्या उघडल्या, खुर्च्या मांडल्या आणि दाराजवळ बसले. बायकोच्या जागेवर कुणी बसलं नाही. गाणी झाली. शेवटी ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "या आठवड्यात सोबतीला जायचं कुठलं घर आहे का?" विचारून झालं आणि त्यांनी जीभ चावली. सवयीने सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या होत्या, त्या ओशाळून पुन्हा समोर झाल्या.

काचवाले उठले. किल्ली त्यांच्या मुठीत होती. काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते, पण तोंडातून वेगळंच निघालं.

"एक घर आहे," ते म्हणाले.

पुढचा प्रश्न ताईंनी रीतीप्रमाणे विचारला. "घरातल्यांना विचारलंत?"

"आता विचारलं. या म्हणतोय. एकटाच आहे. वाट बघून बघून..."

"मी जातो!" पुढच्या रांगेतून असा आवाज आला की मागचं एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं. लिलाववाले उभे होते. नियम झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी सोबतीसाठी तोंड उघडलं होतं, आणि आता ते काचवाल्यांकडे बघत होते. पाठवायचं की नाही ते त्यांच्याच हातात होतं.

"या," काचवाले म्हणाले, आणि किल्ली खिशात टाकली.

ऊन कलल्यावर लिलाववाले आले. दार सताड उघडं होतं, तरी उंबऱ्याबाहेर थांबून त्यांनी शक्य तेवढ्या हळू विचारलं, "येऊ का?" तो आवाज ऐकून शेजारणीने आपलं दार उघडून पाहिलं. आत येऊन ते समोरच्या खुर्चीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. बसून राहिले. चहा झाला, तरी बसून राहिले. कपाळावर घाम आला होता, ओठ घट्ट मिटलेले होते. एकदा नुसता घसा खाकरला आणि त्याचीसुद्धा माफी मागितली. काचवाले हे सगळं बघत होते. एवढ्या वर्षांत या माणसाला 'सोबतीला जाल का?' असं आपण एकदाही विचारलं नाही, हे त्यांना आता कळत होतं.

बऱ्याच वेळाने लिलाववाले उठले, कप उचलले, मोरीत नेऊन विसळले आणि पालथे घातले. बाहेर आले आणि चप्पल पायात सरकवू लागले.

"थांबा," काचवाले म्हणाले. "तुमची ती प्रार्थना म्हणा."

लिलाववाल्यांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. "तुम्ही तर... नियम..."

"मीच सांगतोय ना? म्हणा. तिला आवडायची."

लिलाववाल्यांनी चप्पल काढली. खोलीच्या मधोमध उभे राहून, डोळे मिटून, अगदी दबक्या आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"हळू नको," काचवाले म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "मोठ्याने म्हणा. तिला ऐकू गेलं पाहिजे."