वहिनीचा पाहुणा

परवा मिरकरवाड्याच्या बंदरावरून येताना कुणाच्या तरी तव्यावरच्या बांगड्याचा वास आला आणि मी थेट आमच्या जुन्या स्वयंपाकघरात पाट मांडून बसलो.

तेव्हा दादाचं लग्न नुकतंच झालं होतं. वहिनी कोल्हापूरकडची, घरात जेमतेम बोलायची. तिला बोलतं करायला मी जेवताना खेळ काढला: इतिहासातलं कुणीही जेवायला बोलवा. बाबांनी शिवाजी महाराजांना बोलावलं, मी अकबर बादशहाला.

"तो काय एकटा येणाराय?" आई म्हणाली. "त्याचे हत्ती कुठे बांधू, आंब्याच्या कलमांना?"

सगळे हसले. मग मी दरबारी थाटात वहिनीसमोर वाकलो. "आणि आपले पाहुणे?"

"थिबा राजा," ती ताटाकडे बघत म्हणाली. "ब्रह्मदेशातनं पकडून त्याला हितंच आणून ठेवलेलं न्हवं? विचारीन म्हणते, करमायला किती दिवस लागले."

मला तेव्हा ते फारच विनोदी वाटलं. आज वाटतं, त्या पंगतीत ते फक्त आईला कळलं. तिचा वाढता हात थांबला.

"राजाला येऊ दे सावकाश," ती म्हणाली. "तू सांग गो, उद्या तुझ्यासाठी काय करू?"

"जोंधळ्याची भाकरी."

तांदळाच्या भाकरीत आईचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं. जोंधळ्याची मात्र दुसऱ्या दिवशी तव्यावर जाण्याआधीच मोडत राहिली. शेवटी वहिनीने पदर खोचला.

"सरका आई," ती म्हणाली, आणि आईने हसत परातीसमोरची जागा सोडली.