विसूभाऊंचा माशाचा डोळा

कर्जत स्टेशनाजवळच्या विसूभाऊंच्या फोटोच्या दुकानात आम्ही चारपाच जण रोज संध्याकाळी टेकायचो. गिऱ्हाइकं कमी, पण किस्से असे साठत, की फोटोच्या निगेटिव्हच्या काचांच्या फडताळात त्यांनाही एक कप्पा द्यावा लागला असता. त्यातले निम्मे एकाच भिंगाचे.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करी सामानाच्या लिलावात विसूभाऊ ताडपत्री घ्यायला गेले आणि कॅमेरा घेऊन आले! भिंग पुढे फुगलेलं, थेट माशाच्या डोळ्यासारखं. ढगांचे फोटो काढायचं म्हणे. उताणं ठेवलं की अख्खं आभाळ एका फोटोत. विसूभाऊंनी ते स्टेशनरोडवर रोखलं. फोटो आला गोल, भोवती काळाकुट्ट.

"रस्त्याचा फोटो काढलात, की विहिरीत पडून वर पाहिलंत?" मी विचारलं.

"हसा मास्तर! या डोळ्यातून कुणी सुटायचं नाही!"

घरी हे सांगितलं तर सुमती, माझी बायको, म्हणाली, "मी सुटेन." फोटो म्हटला की ती कॅमेऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहायची. तिचं शास्त्र साधं : कॅमेरा पुढचं बघतो, बाजूचं नाही. आमच्या लग्नातसुद्धा तिचा फोटो निघाला नव्हता.

*

कळंबला एक लग्न. मंडप एवढासा, वऱ्हाडी दीडशे. एरवी तीन फोटो लागले असते. या भिंगाने एकात सगळे घेतले, फोकसची कटकटही नाही. नवरदेवाचे मामा मात्र "मी मधी बसनार" म्हणत अगदी भिंगापुढे बसले. फोटोत वऱ्हाड मुंग्यांएवढं, आणि मधोमध पपईएवढं नाक!

"ह्यो मी नाय!" मामा गरजले.

"तुमीच हाय," मामी म्हणाल्या. "रातभर घोरतं कोन, ते आज समद्यांना दिसलं!"

*

खालापूरच्या एका शाळेचा फोटो. हेडमास्तर कडक. "विसूभाऊ, खाली हे दोन पाय कुणाचे?"

"माझेच. भिंग जरा जास्तच बघतं."

"शाळेत येताना चपला बाहेर काढतात!"

तेव्हापासून विसूभाऊ कडा कापून फोटो चौकोनी करून देऊ लागले.

*

भिवपुरीकडचे दोन चुलतभाऊ, गणपत आणि कान्हू. बांधावरून तंटा. गणपतने विसूभाऊंना आपल्या शेतात उभं करून बांधाचा फोटो काढवला. या भिंगात सरळ रेघ धनुष्यासारखी वाकते. बांध गणपतच्या शेतात पोट काढून आला!

"बगा! कान्हूनं बांद रेटला!"

कान्हूने लगेच विसूभाऊंना आपल्या शेतात नेलं. आता बांध त्याच्याकडे फुगला! दोघं आपापला फोटो घेऊन पोलीसपाटलाकडे. पाटलांनी फोटो बाजूला ठेवले, बांधावर गेले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले.

"बांद सरळ हाय रं. फोटूचीच कंबर मोडलीय!"

*

सुमती गेल्यावर दोनेक महिन्यांनी मी विसूभाऊंना विचारलं, "तिचा एखादा फोटो असेल का हो?"

"वहिनी कुठल्या सापडायला!" ते म्हणाले. पण फडताळ उघडलं. चार दिवस एकेक काच उजेडाला धरून बघत होते. पाचव्या दिवशी त्यांनी एक गोल फोटो माझ्यापुढे ठेवला. आमच्या वाचनालयाच्या उद्घाटनाचा. तेव्हा मिळाला होता तो कडा कापलेला. मधोमध मी, पपईएवढ्या नाकाचा. आणि पार कडेला, कॅमेऱ्याच्या शेजारी, कललेली सुमती. तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत हसत होती.

"एवढ्या वहिनीच कापून, मोठ्या करून देऊ?"

"नको. गोलच असू दे."

फोटो भिंतीवर आहे. सुमती ताठ उभी दिसेल इतका फिरवून लावलाय. त्यामुळे अध्यक्ष, चिटणीस, मी आणि वाचनालयाची इमारत, सगळे घसरगुंडीवर बसल्यासारखे कललो आहोत. घरी येणारा प्रत्येक जण सांगतो, "मास्तर, फोटो तिरका लागलाय."

"सरळ आहे," मी म्हणतो.