कणकेच्या गोळ्या आणि खारं पाणी

पत्नी गेली त्या दिवशी मी घरी होतो. सकाळी ती बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेली. कॉलेजात तिनं प्रॅक्टिकल घेतलं आणि स्टाफरूममध्ये खुर्चीवरून खाली कोसळली. मला फोन दुपारी आला. संध्याकाळी मी तिला अमरावतीला आणलं. आम्ही घरात शिरलो तेव्हा माशांच्या टाकीचा दिवा लागलेला होता. तो टायमरवर होता.

ही टाकी तिची. समुद्राच्या पाण्याची, काचेची, बाहेरच्या खोलीत कूलरच्या बाजूच्या भिंतीला लावलेली. ती प्राणिशास्त्र शिकवायची. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमध्ये पांढरे पडलेले जीव दाखवण्यात तिची नोकरीची वर्षं गेली, आणि एका दिवाळीच्या सुटीत तिनं ठरवलं की हे सगळं एकदा जिवंत पाहायचं. समुद्र आमच्यापासून किती लांब आहे हे मी तिला सांगून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं आणि लोखंडी स्टँडचं माप घ्यायला लागली.

पहिले काही महिने टाकीत फक्त दगड आणि पाणी होतं. दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढले पाहिजेत, तेच पाणी राखतात, असं ती म्हणायची. शेजारचे भाऊजी येता-जाता विचारायचे, "वहिनी, मासोया पळून गेल्या काय?" ती म्हणायची, "तुमची वाट पाहून राहिल्या. या, उतरा आत."

मी पुस्तकातला माणूस. पण एका घरात राहून काही गोष्टी आपोआप अंगात येतात. आमच्या नळाचं पाणी चालत नाही, ते फिल्टरमधून काढावं लागतं. मग निळ्या ड्रममध्ये त्यात समुद्री मीठ घालायचं आणि पंप लावून दिवसभर फिरवत ठेवायचं. एका छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर पाण्याचा थेंब टाकून ती खिडकीकडे तोंड करून उभी राहायची आणि खारटपणा वाचायची. वीज गेली की लाटेचा पंप इन्व्हर्टरवर जायचा, आमचा पंखा नाही. उन्हाळ्यात टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र घरघरत राहायचं आणि आम्ही घाम पुसत बसायचो.

सासूबाईंना याचं हसू यायचं. त्यांचं गाव पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. "जवाईबुवा, खारं पानी कराले मीठ इकत आन्ता?" त्या मला म्हणाल्या होत्या. "आमच्या विहिरीचं न्या ना फुकट. डाय शिजत नाई त्यात, पन मासोया खुश राह्यतीन."

टाकीत चार मासे होते आणि एक हिरवं कोरल होतं. बोटांसारखी त्याची टोकं पाण्याबरोबर हलायची. ते तिनं तुटका तुकडा म्हणून मागवलं होतं आणि दोन-अडीच वर्षांत पंजाएवढं केलं होतं. माशांपेक्षा तिचा जीव त्याच्यात जास्त होता. अकोल्याहून आली की पर्स खांद्यावरच असायची आणि ती काचेजवळ वाकलेली असायची.

ती गेल्यावर सासूबाई येऊन राहिल्या. त्यांच्या गावची रीत अशी की गेलेल्या माणसाच्या नावानं नदीतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या. पण चैत्रात पूर्णेला पाणी नव्हतं. एका सकाळी त्या स्वयंपाकघरातून ताटली घेऊन आल्या. ताटलीत बोराएवढ्या गोळ्या होत्या.

"नदी नाई तं नाई," त्या म्हणाल्या, "घरातच हायेत ना मासोया."

त्यांनी टाकीचं झाकण उचललं आणि एकेक गोळी सोडली. ओठ हलत होते. मी सतरंजीवर भेटायला आलेल्या माणसांमध्ये बसलो होतो. मला उठायला हवं होतं की नाही, हे त्या घडीला कळत नव्हतं. आईनं लेकीच्या नावानं काही द्यावं आणि मी मध्ये हात घालावा, असं मला जमलं नाही.

मग ते रोजचं झालं. भेटायला येणाऱ्या बायकाही त्या ताटलीतून गोळी घ्यायच्या, टाकीत टाकायच्या आणि डोळ्यांना पदर लावायच्या. मासे गोळी तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे. उरलेली कणीक दगडांच्या फटीत जाऊन बसायची. तेरवीपर्यंत पाणी दुधी झालं. घाण वेगळी करणाऱ्या यंत्राचा पेला तपकिरी फेसानं भरून वाहायला लागला. हिरव्या कोरलनं बोटं आत ओढून घेतली.

ती जिथून सामान आणायची त्या नागपूरच्या दुकानदाराला मी फोन केला. तिची बातमी सांगितली. त्यानं सांगितलं की आधी खाणं बंद करा आणि थोडं थोडं पाणी बदला, नाहीतर सगळं जाईल. मी ड्रम भरला, मीठ घातलं, बादल्या उचलल्या. पाठ भरून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली पुन्हा आली.

मी आडून बोलून पाहिलं. म्हटलं, आई, माशांना इतकं लागत नाही.

"खाऊन राहिले तं खाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तिच्याच नावाचं आहे."

त्या आठवड्यात एक मासा दगडामागे मेलेला सापडला आणि नंतर आणखी एक. मी ते कागदात गुंडाळून मागच्या दारानं नेले. कोरलची दोन बोटं सुटून तळाशी पडली होती. तिची एवढीच एक गोष्ट घरात वाढत होती. ती वाचवायची तर तिच्या आईला सांगावं लागणार होतं की ती तुमच्या हातानं मरते आहे.

शेवटी झाकणावर हात ठेवून मी सांगितलं. "आई, कणकीनं मरून राहिले ते."

त्या ताटली धरून उभ्या राहिल्या. पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग इतके दिवस कावून नाई सांगतलं?"

मी झाकणावरचा हात काढला. त्या खाली बसल्या.

"ती असती तं मले हाताले धरून बाजूले केलं असतं," त्या म्हणाल्या. "म्हनली असती, आई, सर तिकडं."

त्यांनी गोळ्या परत कणकेत मिसळल्या. दुपारी त्याच कणकेची पोळी केली आणि आम्ही दोघांनी ती खाल्ली. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं की मग हिच्यात घालायचं तरी काय. उन्हानं पाणी उडतं, तेवढं साधं पाणी रोज घालावं लागतं, असं मी सांगितलं. मीठ नाही का, असं त्यांनी विचारलं. मीठ उडत नाही, म्हटलं, ते आतच राहतं. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी तांब्यानं पाणी घालायच्या, बारीक धार धरून, आणि ओठ हलायचे.

कोरल वाचलं नाही. आणखी एक मासा गेला. पाणी निवळलं ते मे महिन्याच्या अखेरीस. मृगाच्या आधी सासूबाई गावी गेल्या. पेरणीच्या दिवसांत घरी माणूस लागतं. आता त्यांचा फोन येतो तेव्हा त्या माझ्या जेवणाचं विचारतात, पावसाचं सांगतात. टाकीचं विचारत नाहीत.

दुकानदार म्हणाला, नवीन तुकडा पाठवतो. मी नको म्हटलं.

टाकीत एक मासा आहे. कोरलचा पांढरा सांगाडा त्याच्या जागी आहे. पाणी मी घालतो.